ऑप्शनला टाकलेला धडा

आठवी ‘ब’ने भूकंपाचा धडा ऑप्शनला टाकला आणि कोयनेच्या खोऱ्यातली जमीन हलायची बंद झाली. याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. फडताळातली भांडी जागच्या जागी राहू लागली, एवढाच काय तो फरक. मग चंद्राच्या कला ऑप्शनला गेल्या. त्या दिवशी आभाळात जी अर्धी फोड होती, तीच रोज दिसू लागली. दिवस मावळायच्या आत ती डोक्यावर यायची. संकष्टी करणाऱ्या बायकांचा उपास लवकर सुटू लागला, म्हणून त्याही खूश होत्या.

वर्गानं सोडलेली गोष्ट असेल तिथंच थांबते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विज्ञान शिकवणाऱ्या रेखा डुबल मॅडमना तर होतंच होतं. पोरांना जे धडे सोडायला देत त्यांनी कुणाचं अडणार नाही, एवढं त्या बघत. पण एक धडा पोरांनी मागितला नव्हता, मॅडमनीच सोडला होता. प्रजननाचा. ‘हा घरी वाचून या,’ असं त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं आणि पान उलटलं. त्यांच्या आधीचे मास्तरही तेच सांगत. आजवर एखादं आगाऊ पोरगं तो खरंच घरी वाचायचं आणि तेवढ्यावर गावाचं भागायचं. यंदा कुणीच वाचला नाही.

मॅडमना तेव्हा आठवा महिना लागला होता. ही गोष्ट दिवाळीतली. होळी झाली तरी आठवाच होता. खुराड्यातल्या कोंबड्या अंड्यांवरून उठल्या नाहीत. दोडक्याच्या वेलावर फुलं आली आणि नुसतीच राहिली.

“बाळ छान आहे,” डॉक्टर म्हणाले. “फक्त थांबलंय. तुमचा पोर्शन कधी पूर्ण होणार?”

घरी सासूबाईंनी विचारलं, “तू शिकवलंच न्हाईस व्हय?”

“लाज वाटली, आत्ती.”

“लाजायचंच हुतं तर इज्ञान कशापायी घेतलंस?”

मॅडमनी पोटावर हात ठेवून पाहिला. बाळ एका कुशीला टेकून होतं, लाथ मारत नव्हतं. त्यांना त्याची फार दया यायची आणि स्वतःचा भयंकर राग यायचा.

उजळणीचा शेवटचा तास आला. यानंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर पोरं सगळंच विसरतात, हा कुठल्याही शाळेचा अनुभव. मग पुढच्या वर्षीच्या वर्गाची वाट बघत बसायचं. मॅडमनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. यावेळी तोंड वर्गाकडे केलं.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. पहिल्या बाकावरची मोनाली उभी राहिली. “मॅडम, ह्यो तर ऑप्शनला हाय.”

“आता नाही. वह्या काढा. सांगितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.”

त्या सांगत गेल्या. पहिल्या वाक्याला त्यांचे कान तापले, दुसऱ्याला जरा कमी. गर्भ कुठं वाढतो, असं विचारल्यावर वर्गानं खाली बघत उत्तर दिलं आणि बाळानं पाय झाडला. मॅडमना तिथंच रडू फुटलं. डोळे पुसून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. बाहेर कुठंतरी पिल्लांची चिवचिव सुरू झाली.

दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिले. “मॅडम, हे परीक्षेला नाही.”

“माहीत आहे, सर.”

“गणिताचे सर खोळंबलेत. त्यांचे अपूर्णांक राहिलेत. उद्या बाजार आहे. कुणाला पाव किलो काही मिळणार नाही.”

“थोडंच राहिलंय.”

गणिताचे सर आत आले आणि डस्टर घेऊन फळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचाही पोर्शन होताच. मॅडम उरलेल्या फळ्याच्या बाजूला सरकल्या.

“गर्भाची पूर्ण वाढ व्हायला किती महिने लागतात?”

“नऊ!” वर्ग एका सुरात म्हणाला.

मॅडमच्या कमरेत कळ आली. त्यांनी टेबलाची कड धरली. दुसरी कळ पहिलीच्या पाठोपाठ आली. आता एकच वाक्य उरलं होतं, पुस्तकातलं अगदी साधं वाक्य.

“लिहा. वाढ पूर्ण झाल्यावर बाळाचा...”

पुढचा श्वास आलाच नाही. पोटातलं सगळं खाली ओढलं जात होतं आणि तिथं अडत होतं. गणिताच्या सरांचं डस्टर धड्याच्या नावापर्यंत आलं.

“बाळाचा काय, मॅडम?” मोनालीनं विचारलं.

पुढचा शब्द वर्गात प्रत्येकाला ठाऊक होता. पण सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, आणि पोरं शहाणी होती. साऱ्या शाईपेनांची टोकं कागदावर टेकून थांबली होती, आणि प्रत्येक टोकाखाली शाईचा एकेक ठिपका मोठा होत चालला होता.