पाटणकरबाईंच्या जागी

सोमवारी सकाळी हेमांगीने विट्याहून आलेली पीडीएफ उघडली, तेव्हा गहाळ फाँटांच्या यादीत दोन फाँट आणि पाटणकरबाई होत्या.

यादी नेहमीसारखीच होती. नावांपुढे पिवळे त्रिकोण आणि खाली प्रश्न: मूळ शोधायचे, की जवळचा पर्याय वापरायचा? हेमांगीने मान वळवून पाहिलं. दाराजवळच्या टेबलावर बाईंचा चष्मा होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं आणि खुर्ची रिकामी होती. बाई बावीस वर्षं इथे प्रुफं तपासत होत्या. सकाळी साडेनऊला ऑफिसचं कुलूप त्यांनीच उघडलं होतं.

“सर, यादीत बाई आल्यात,” हेमांगी म्हणाली.

“मग जवळचं काहीतरी टाक,” मालक खानोलकर काचेच्या खोलीतून म्हणाले. “दूध संघाची स्मरणिका आहे, कोण बघतंय? चार वाजता छपाईला गेली पाहिजे.”

ही सवय मुळात हेमांगीचीच. नऊ वर्षांत शेकडो फायली तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि एकदाही तिने फोन करून मूळ फाँट मागवला नव्हता. काना-मात्रा जागेवर दिसल्या की काम झालं, असं ती सगळ्यांना सांगायची. तिने ‘सर्व बदला’ दाबलं.

दार उघडून एक बाई आत आल्या आणि पाटणकरबाईंच्या खुर्चीवर बसल्या. तशीच सुती साडी, तसाच अंबाडा. त्यांनी टेबलावरचा चष्मा लावला. त्याच्या काड्या कानांपाशी फाकल्या.

“करा सुरू,” त्या म्हणाल्या, आणि टेबल सहा सेंटिमीटर सरकलं.

हेमांगीने पट्टी घेऊन मोजलं. स्वेटर विणताना तिने पाटणकरबाईंचं माप घेतलं होतं. त्यांचे खांदे एक्केचाळीस सेंटिमीटर भरले होते. या बाईंचे सत्तेचाळीस भरले. ऑफिसात तीन टेबलं एका रांगेत होती: दाराशी बाईंचं, मधे रमजान शिकलगारचं आणि शेवटी, भिंतीला लागून, हेमांगीचं. पहिलं सरकलं की पुढची दोन्ही सरकत. भिंत सरकत नव्हती.

“शिकलगार, जरा तिकडे घे ना.”

“तिकडे बाई हायत, ताई. त्यांना ढकलू व्हय?”

“या आपल्या बाई नाहीत.”

“नसू देत. आल्या आल्या चहा घेणार का म्हणून विचारलं यांनी. त्या विचारायच्या कधी?”

नव्या बाई बोलक्या होत्या. विश्रामबागेत शेवग्याच्या शेंगा कशा मिळतात, जावयाला कोणती भाजी चालत नाही, हे त्या प्रुफावरची नजर न काढता सांगत होत्या. त्यांचा प्रत्येक शब्द पाटणकरबाईंच्या शब्दापेक्षा थोडा रुंद होता आणि ती रुंदी रांगेत साठत जात होती. शेंगांपासून जावयापर्यंत येईतो हेमांगीचा डावा हात कोपरापर्यंत भिंतीत गेला. भिंतीचा पोपडाही उडाला नाही. पलीकडे हवा लागत नव्हती, गरम-थंड काही जाणवत नव्हतं.

“बाई, कृपा करून बोलू नका,” हेमांगी म्हणाली.

“मी माझ्या जागेवर बसलेय. तुमचं काय घेतलंय मी?”

हेमांगीने ‘मागे घ्या’ दाबलं. तिने प्यायलेला चहाचा शेवटचा घोट कपात परत आला. त्यामागे ते जात नव्हतं.

ती सरांना म्हणाली, “सर, मी चौकटीबाहेर चाललेय.”

खानोलकर बाहेर आले. त्यांनी भिंत पाहिली, मग हेमांगीकडे पाहिलं. “चार वाजता जे चौकटीत नसेल ते छापलं जाणार नाही, एवढं तुला ठाऊक आहे. बस नीट. मी अक्षरांमधलं अंतर कमी करतो.” ते आत गेले. “वजा वीस केलंय,” त्यांचा आवाज आला.

शिकलगारचं कोपर हेमांगीच्या बरगड्यांत घुसलं. आता तिघांना एकदम छाती फुगवता येत नव्हती. श्वास पाळीपाळीने घ्यायचं ठरलं. नव्या बाई पाळी पाळत नव्हत्या.

अडीच वाजता, उजव्या हाताने, हेमांगीने विट्याला फोन लावला. तिकडे फाइल जुळवणारे लोखंडे होते.

“तुमच्या फायलीतल्या पाटणकरबाई आमच्याकडे नाहीत. मूळ पाठवा.”

“नऊ वर्षांत पहिल्यांदा फोन आला तुमचा,” लोखंडे म्हणाले. “आमची अक्षरं बदललेली आम्हाला छापून आल्यावरच दिसायची.”

“चुकलं माझं. पाठवा ना.”

“मूळ आमच्या मशीनबाहेर जात नाही. कर्व्ह करून देतो.”

“कर्व्ह केल्या की बोलतील का त्या?”

“कर्व्ह म्हणजे चित्रच झालं की, बाई. मापाला तंतोतंत, दिसायला त्याच. पुढे त्यांच्यात काही हलवता येणार नाही.”

भिंत हेमांगीच्या खांद्याला लागली होती. बाई गप्प का होईना, एक्केचाळीस सेंटिमीटर असतील. रांग मागे येईल.

“करा कर्व्ह,” ती म्हणाली.

फाइल चारला दहा कमी असताना आली. हेमांगीने ती आयात केली आणि पाटणकरबाई दारातून आत आल्या. चेहऱ्यावर चूक सापडल्यावर यायची तीच आठी होती. ती आठी हलत नव्हती.

“उठा आता,” हेमांगी नव्या बाईंना म्हणाली. “ही त्यांची जागा.”

“का उठू? मी सेव्ह झालेय.”

“झाल्यात खऱ्या,” खानोलकर आतून म्हणाले.

शिकलगार स्वतःच्या पडद्याकडे बघत राहिला.

येणाऱ्या चित्राला जागा नेमून दिलेली नसली, तर जिथे कर्सर असेल तिथे ते बसतं. कर्सर हेमांगीच्या टेबलावर होता. पाटणकरबाई नव्या बाईंना ओलांडून, शिकलगारला ओलांडून रांगेच्या शेवटी आल्या आणि हेमांगीच्या अंगावर बसल्या.

त्यांना वजन होतं, ऊब नव्हती. पाठ आर्टपेपरसारखी गुळगुळीत होती. हेमांगीने ढकललं, पण धरायला कुठे कडच नव्हती.

“बाई, मी आहे खाली. उठा, बाई.”

खानोलकर खोलीतून बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून रांगेकडे पाहत राहिले. “आता कसं! तीन टेबलं, तीन माणसं. हेमांगी कुठंय?”

“बाईंच्या खालच्या थरात हायत, सर,” शिकलगार म्हणाला. “सोडवू का?”

“किती वेळ लागेल?”

“अर्धा तास तरी.”

“चार वाजले. थर एकत्र करून टाक, खालचं दिसणार नाही.”

“करा हो एकदाचं,” नव्या बाई म्हणाल्या. “किती उकडतंय.”

पाटणकरबाईंचं कोपर आणि कंबर यांच्यामध्ये एक फट होती. तिच्यातून हेमांगीला शिकलगारचं टेबल दिसत होतं. तिने त्या फटीतून उजव्या हाताची बोटं बाहेर काढली आणि टेबलाच्या कडेवर टेकवली. शिकलगारने ती पाहिली. त्याने माउस उचलला, बोटांना लागणार नाही इतका बाजूला ठेवला, आणि बाण ‘थर एकत्र करा’वर नेला.