बाबांच्या सेटचा स्क्रू

दुकानाला सगळे ताईचं दुकान म्हणायचे, पण तिथे हुकूम चालायचा तो वारलेल्या बाबांचाच. ड्रायव्हर लोकांचे वॉकीटॉकी दुरुस्तीला आले की मेजावरच्या बाबांच्या मोठ्या सेटशी जुळवायचे, ही तिथली रीत. त्यावर आवाज स्वच्छ आला की काम फत्ते. सेटची फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र म्हणून नव्हतंच. बाबांच्या सेटवर शंका घ्यायची कुणाची बिशाद होती?

धाकट्या भावाने ती घेतली. सेट जुना झालाय, स्वस्तातलं का होईना पण एक यंत्र घेऊ, म्हणाला. झालं, ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही नाही ते बोलली. धाकटा एक सेट उचलून डोंगरावरच्या खाणीत कामाला निघून गेला. तिथे फोनला रेंज नाही. जाताना एवढंच म्हणाला, "रोज संध्याकाळी हाक मारीन. राग गेला असेल तर बोल."

राग काय, तो उंबऱ्याबाहेर पडला तेव्हाच गेला होता. ताई रोज संध्याकाळी बाबांच्या सेटवरून त्याला हाका मारायची आणि कान लावून बसायची. यायची ती नुसती गुरगुर, तोंडात बोळा कोंबून कुणी बोलावं तशी. मेला कुठला परका मध्येच कडमडतो, म्हणून ती चरफडायची. धाकटा आपल्याला विसरला, या विचाराने ती ताट तसंच झाकून ठेवायची.

पुढे गिऱ्हाइकंही कुरकुरू लागली. तिच्या हातचे सेट आपसात छान बोलतात, बाहेरच्यांशी मात्र गुरगुरतात. शेवटी नाइलाजाने एक सेट बरोबर घेऊन ती जुन्या मालाच्या बाजारात गेली. नवं यंत्र काही परवडणारं नव्हतं. दुकानदाराने खिशात मावेल असं चकचकीत मीटर पुढे केलं. ताईने सेट त्यावर दोनदा मोजला, तर आकडे दोन आले. मग कोपऱ्यातलं एक पोचे पडलेलं धूड तिने चालू करायला लावलं. त्याचं एक बटण गायब होतं, पण तापल्यावर आकडा जागचा हलेना. हे उचलून कंबर दुखेल, दुकानदार म्हणाला. ताई म्हणाली, रोज हलणाऱ्या आकड्यापेक्षा एकदा दुखलेली कंबर परवडली.

घरी आल्यावर पहिला मान अर्थात बाबांच्या सेटला. आकडा बघून तिने पुन्हा मोजलं, तरी तोच. वयोमानाने सेट मूळ फ्रिक्वेन्सीवरून सरकला होता, आणि त्याच्या मागोमाग तिने जुळवलेला एकूण एक सेट. स्क्रू हलू नये म्हणून बाबांनी त्यावर लावलेली लाख खरवडताना तिला रडू आवरेना. स्क्रू जेमतेम फिरला आणि आकडा बरोबर बसला.

संध्याकाळी गुरगुरीच्या वेळेला, गुरगुरीच्याच जागी, आवाज आला.

"ताई, मी बोलतोय. नाही बोललीस तरी चालेल. उद्या परत हाक मारतो."

खाणीवर त्याने आपला सेट यंत्रावर मोजून बरोबर करून घेतला असणार. सरकली होती ती ताईच. तिने बटण दाबलं.

"गाढवा, मी रोज बोलतच होते. यंत्र घेतलंय मी. घरी ये."

पलीकडे धाकट्याने नाक ओढलं आणि विचारलं, "कुठलं घेतलंस?"