चौथी रेघ

"मॅडम, हात नका लावू जी! वली आहे पट्टी अजून," रुपराव ओरडला, आणि आपण कोणाला दटावलं हे ध्यानात येताच त्याने जीभ चावली.

डॉ. चारुलता घाटे यांनी हात मागे घेतला. दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागातून त्या प्रयोगशाळेत जवळजवळ धावतच आल्या होत्या. "बरं, नाही लावत. आहे का ती, एवढं सांगा."

"आहे जी. चौथी रेघ आहे."

मॅडमनी टाळी वाजवली. दोन पदव्या घेतलेली पस्तिशीची बाई कागदाच्या एका निळ्या पट्टीपुढे टाळ्या वाजवते, हे रुपरावला फार आवडायचं. घरी तो याची नक्कलही करून दाखवायचा.

साल १९७३. डोळा आतून सुजतो, लाल होतो, उजेड सोसत नाही, एक बरा होतो न होतो तोच दुसरा धरतो, अशा एका हट्टी दुखण्यावर मॅडमचं संशोधन चाललं होतं. रोग्याच्या डोळ्यातलं पाणी बारीक नळीने टिपायचं, त्याचा थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवायचा, पट्टी पेटीत ताणून तिच्यातून दिवसभर वीज सोडायची. पाण्यातली प्रथिनं आपापल्या चालीने पुढे सरकतात. संध्याकाळी पट्टी रंगवली की कोण कुठवर पोचलं ते निळ्या रेघांत दिसतं. नेहमी तीन रेघा दिसत. पण अकरा रोग्यांपैकी चौघींच्या पट्टीवर चौथी रेघ आली होती. त्यांना वॉर्डात भरती करून औषध सुरू केलं की तीन दिवसांत ती नाहीशी व्हायची. घरी गेल्यावर दुखणं उलटलं तर पुन्हा हजर. मॅडमनी निष्कर्ष काढला, की ही रेघ म्हणजे रोगाची खूण. ती गेली की औषध कमी करायला हरकत नाही.

आजची पट्टी कुही गावाकडच्या अंजनाबाईची होती. पंधरा दिवसांपूर्वी तिची रेघ गेली म्हणून औषध उतरवून तिला घरी धाडलं होतं. ती परत आली ती डोळा आणखी लाल करून, आणि रेघही परत घेऊन.

रुपराव मेश्राम प्रयोगशाळेत अटेंडन्ट होता. सरकारी कागदावर त्याचं काम बाटल्या धुण्याचं. मॅट्रिकला इंग्रजीने त्याला दोनदा आडवं पाडलं, म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. पण एकोणीस वर्षं बाटल्या धुता धुता तो पट्ट्या ताणायलाही शिकला. त्याच्या हातची पट्टी कधी सुकली नाही की रंग फुटला नाही. नवे डॉक्टर आपल्या पट्ट्या बिघडल्या की गुपचूप त्याच्याकडेच आणून द्यायचे.

मॅडमचा निबंध हैदराबादच्या परिषदेला जायचा होता. शनिवारी टपालात पडणार. टाइप केलेलं शेवटचं पान त्यांनी त्याला दाखवलं. आभारात, इंग्रजीत, विभागप्रमुखांच्या खालोखाल त्याचं नाव होतं. त्याने ते अक्षर अक्षर लावून वाचलं. त्याचा बाप आयुष्यभर अंगठा उठवत मेला. घराण्यातलं कुठलंही नाव आजवर छापून आलं नव्हतं.

"छापून आलं म्हणजे काय होते?" त्याच्या बायकोने, रंभाबाईने विचारलं होतं.

"काई होत नाई. छापून येते."

"मंग येवढं काहून नाचून राहिले तुमी?"

नाच मात्र थांबला नव्हता.

त्या बुधवारी संध्याकाळी तो इंदोरा वस्तीतल्या घरी आला, तेव्हा पोरगी जया ओट्यावर बसून तान्ह्या लेकाला जोजवत होती. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. पोराचे डोळे चिकटले होते.

"दोन थेंब दूध टाक वं त्याच्या डोयात," रंभाबाई आतून म्हणाली. "अंगावरचं. आत्ता थंडा होते डोया."

रुपराव चप्पल काढता काढता तसाच उभा राहिला. एक चप्पल पायात, एक हातात. अंगावरचं दूध. दुखऱ्या डोळ्यात बाळंतिणीचं दूध. त्याच्या आईने त्याच्याही डोळ्यात घातलं असेल. आणि दुधात प्रथिन असतं, हे त्याला मॅडमनीच कधीतरी शिकवलं होतं.

वॉर्डात दूध कोण आणून देणार? म्हणून तिथे रेघ जाते. घरी गेलं की शेजारीण वाटी घेऊन येते.

"रंभे, इकडं ये," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मले जयाचं थोडं दूध पाह्यजे. अर्धा चमचा."

रंभाबाईने कपाळावर हात मारला. "अगा बावा! येडे झाले काय तुमी? कायले?"

"दवाखान्यात न्याचं हाय. तू माग तिले. मी कसा मागू, बाप हाव तिचा!"

जया आतून खो खो हसत सुटली. सकाळी मात्र औषधाच्या स्वच्छ बाटलीत दूध तयार होतं, आणि ते देताना मायलेकी दोघीही त्याच्याकडे बघत नव्हत्या.

गुरुवारी त्याने पेटीत दोन पट्ट्या शेजारी शेजारी ताणल्या. एकीवर अंजनाबाईच्या डोळ्यातल्या पाण्याचा उरलेला थेंब, दुसरीवर जयाचं दूध. संध्याकाळी रंगवल्या. अंजनाबाईची चौथी रेघ जिथे थांबली होती, बरोबर तिथेच दुधाची सगळ्यांत जाड रेघ थांबली होती. पट्टीवर पट्टी ठेवून पाहिलं तरी केसभर फरक नाही.

त्याला आधी वाईट वाटलं ते मॅडमचं नव्हे, स्वतःचं. खोटं कशाला बोला! आभाराचं ते पान डोळ्यांपुढे आलं. दुधाची पट्टी मोरीत टाकली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. निबंध शनिवारी गेला असता आणि नाव छापून आलं असतं.

तो वॉर्डाकडे गेला. अंजनाबाई खिडकीकडे पाठ करून, पदराने डोळा झाकून बसली होती.

"माय, घरी डोयात काई घालतेस का वं?"

ती ओशाळली. "कोणाले सांगू नको गा. शेजारची इंदू बाळंतीण हाय, थे देते वाटीत दूध. दवाखान्यात यायच्या दिवशी तं घालूनच येतो आमी. तापलेला डोया डाक्टरीणबाईपुढं कसा न्याचा? जरा थंडा करून न्याव मनलं."

पाहुण्याकडे जाताना तोंड धुऊन जावं, तशी ती डोळा नीटनेटका करून आली होती.

"माहा डोया वाचन ना गा?" तिने विचारलं. "एक तं गेलाच हाय. याच्यावरच सारं हाय आता."

रुपरावने मनाशी दिवस मोजले. या बाईची रेघ दोन दिवसांत पुन्हा जाणार होती, तिचं औषध पुन्हा उतरणार होतं. आणि निबंध छापून आला की गावोगावचे डॉक्टर हेच करणार होते. त्या पानाच्या तळाशी त्याचं नाव असणार होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने दोन्ही पट्ट्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडम तांबड्यालाल झाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं असले उद्योग करायला? दीड वर्ष, रुपराव! दीड वर्ष घातलंय मी यात!"

"हो जी."

"आणि त्या बायका मला एका शब्दाने बोलल्या नाहीत?"

"तुमी औषधाचं इचारलं जी. दुधाले थ्या औषध समजत नाई."

मॅडमनी पट्ट्या उचलल्या, उजेडात धरल्या, खाली ठेवल्या, परत उचलल्या. मग त्या निघून गेल्या. रुपरावने त्या दिवशी धुतलेल्या बाटल्याच पुन्हा धुतल्या.

दुपारी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. त्या चौघींपैकी ज्या दोघी वॉर्डात होत्या त्यांना त्यांनी विचारलं होतं. दोघींनी कबूल केलं होतं. "निबंध परत घेतेय मी. अंजनाबाईंचं औषध पुन्हा पूर्ण सुरू केलंय," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसून थकल्या आवाजात म्हणाल्या, "दूध सोडून बाकीच्या तीन रेघांत काही आहे का, बघू या? पहिल्यापासून?"

"पाहू ना जी," रुपराव म्हणाला. "पट्ट्या लय आहेत आपल्याजोळ."

पाहता पाहता होळी गेली, उन्हाळा गेला. तीन रेघांत सगळ्यांत पुढे धावणारी रेघ डोळा सुजलेला असताना जाड असे, आणि सूज उतरेल तशी हळूहळू बारीक होई. तीन दिवसांत गायब होण्याचा चमत्कार तिच्यात नव्हता, पण ती खरी होती. अंजनाबाईची बारीक व्हायला सात आठवडे लागले, आणि तितके आठवडे मॅडमनी औषध कमी केलं नाही. जाताना ती फाटकापर्यंत कोणाचा हात न धरता चालत गेली.

नव्या कामाचं एकपानी टिपण छापून आलं. एवढ्याशा टिपणात आभारांना जागा नसते, असं मॅडमनी चाचरत सांगितलं. रुपराव "हो जी" म्हणाला. त्याला वाईट वाटलं, चांगलं दोन दिवस वाटलं.

एका सोमवारी तो नळ्या घेऊन डोळ्यांच्या विभागात गेला. रामटेककडची एक म्हातारी मॅडमपुढे स्टुलावर बसली होती, डोळे घट्ट मिटून. मॅडमनी तिची नाडी धरली नाही की कागद मागितला नाही. खुर्ची पुढे ओढून त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"माय, डोयात दूध घातलं का वं?"

उच्चार काही धड जमला नव्हता. म्हातारीने मात्र एक डोळा किलकिला केला. "हो वं बाई. पर तुले कसं समजलं?"

"आमच्या रुपरावांनी शिकवलं," मॅडम म्हणाल्या.

म्हातारीने दुसराही डोळा उघडायचा प्रयत्न केला. हा रुपराव कोण, ते तिला बघायचं होतं. दारात उभ्या असलेल्या रुपरावला एकदम काय करावं ते सुचेना. त्याने हातातली नळी उजेडात धरून उगीच तपासली, आणि मग पुढे केली.