औंदाची चटणी

डंकावरनं कुटून आणलेल्या चटणीचे डबे आक्कानं रिक्षातून उतरवले, तेव्हा स्नेहल दारातच थबकली. चार डबे! घरात खाणारी तोंडं दोनच: ती आणि तिची ही थोरली आत्या.

आक्काला बायपोलर होता. कधी चार-चार रात्री न झोपता ती घर डोक्यावर घ्यायची, कधी महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. दोन वर्षांपूर्वीचं दुखणं चटणीपासूनच सुरू झालं होतं. एकाच घाण्यात तिनं तीनदा मीठ घातलं आणि ती चटणी गल्लीभर वाटली. सगळ्यांनी झकास म्हणून गुपचूप उकिरड्यावर टाकली. स्नेहलनंही.

आज आक्का सकाळपासून गुणगुणत होती. रिक्षावाल्यालाही पावणं म्हणून चहाला बोलावत होती. पण बरी असली तरी ती माणसांना चहाला बोलवायचीच, मग ओळखायचं कशावरून? गोळ्यांचं पाकीट स्नेहलनं दोनदा तपासलं. गोळ्या बरोबर कमी झाल्या होत्या, पण त्या पोटात गेल्या की मोरीत, कोण सांगणार? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, स्नेहल तर हल्ली पाणीही फुंकायची. हसत्या माणसाचा संशय घ्यायची तिला लाज वाटली, तरी तिनं डॉक्टरांचा नंबर काढला.

"कुणाला लावतीस?"

ऑफिसात, असं ती म्हणाली. आक्कानं पुढं विचारलं नाही. भाकरी, चटणी आणि वर तेलाची धार, अशी ताटली तिनं समोर धरली. दोन डबे औंदाचे, दोन पुढच्या सालाचे, असं आपणहून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात पडून असलो तर तुझी आबाळ नको, म्हणाली.

हे शहाणपण होतं की दुखणं, स्नेहलला कळेना. तिनं घास घेतला.

"झकास झालीया, आक्का."

आक्का हलली नाही. पदराला हात पुसत राहिली.

"मीठ बरोबर हाय न्हवं?"

"हाय की."

"नीट सांग, पोरी. डंकावरच गल्लीतल्या तिघींला चाखवून आलोय. बरोबर हाय म्हणत्यात. पर त्या साली बी म्हणल्याच हुत्या."

स्नेहलनं फोन खाली ठेवला. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि या खेपेला तो सावकाश चावला.