रामिरोने खोडलेला शब्द

"हे 'नाही' कुणी लिहिलंय?" रामिरोने फॉर्म माझ्यासमोर धरला.

मीच लिहिले होते. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबात मी कोविड स्वयंसेवक. सामन्याआधी खेळाडूंचा ताप बघायचा आणि फॉर्म भरून घ्यायचा: खोकला आहे का, वास येतो का, वगैरे. अठरा फॉर्मवर मी घरूनच 'त्रास नाही' लिहून आणायचो, सह्या तेवढ्या घ्यायच्या. पुण्याच्या सरकारी कचेऱ्यांत तयार झालेला माणूस मी. फॉर्म वाचायचा असतो हे कुणी शिकवलेच नव्हते.

"मग? ताप नाहीये तुला."

"सकाळी कॉफीचा वास आला नाही."

रामिरो पराग्वेचा बचावपटू, वय अडतीस. चार देशांत, वीस वर्षे या माणसाने दुसऱ्यांचे गोल अडवले होते. आज २०२०च्या मोसमातला शेवटचा सामना. तो बघून क्लब त्याचा करार वाढवायचा की नाही ते ठरवणार होता. या वयात दुसरा कुठला क्लब घेतो?

"अरे, नाक दोनदा मोडलंय तुझं," मी हलक्या आवाजात म्हणालो. "त्याचं काय एवढं मनावर घेतोस! सही कर आणि जा. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

त्याने माझेच पेन घेतले, 'नाही' खोडून 'आहे' लिहिले आणि सही केली.

"गोलकीपरच्या बायकोला आठवा महिना आहे," एवढेच बोलून तो बूट हातात घेऊन पार्किंगकडे गेला. असा राग आला मला त्याचा! त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. उरलेले सतरा फॉर्म मी फाडले आणि एकेकाला विचारत बसलो. सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी रामिरोची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आठवड्याभरात क्लबची दोन ओळींची ईमेलही आली: करार संपला. तो घरात एकटाच. माझी बायको रेवती त्याच्या दाराशी वरणभाताचा डबा ठेवायला मला रोज पिटाळायची. "वास नाही तर नाही, पोट तरी भरेल बिचाऱ्याचं."

दहाव्या दिवशी तो खिडकीशी उभा होता.

"कुणाला झाला?" त्याने काचेआडून विचारले.

"कुणालाच नाही!" मी ओरडून सांगितले. "गोलकीपरलाही नाही!"

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो रडायला लागला. करार गेला तेव्हा तो रडला नव्हता.