काठावरचे आकडे

आमच्या ऑफिसच्या नकाशांवर मी कायम वैतागलेली असते. आतलं सगळं मोजमाप मीटरमध्ये, पण काठावर प्रोग्राम आपलं शहाणपण पाजळतो आणि अक्षांश-रेखांशाचे अंश छापतो. साहेबलोक माना डोलावतात, कळत कुणालाच नाही. परवा तसलाच एक नकाशा गल्लीच्या तोंडाशी लागला. राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचा जुना नाला, त्याच्यापासून तीस मीटरच्या आतली घरं पाडणार होते.

आमच्या घरामागेच तो नाला. घर अहल्याक्काचं, मी पुण्याहून नोकरीला आले तेव्हापासून तिच्या वरच्या खोलीत राहते. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. नकाशाचा फोटो घेऊन ती वर आली.

"सत्त्याहत्तर अंश? एवढा ताप कुणाला आलाय गं? स्वल्प, जरा मीटरमध्ये करून दे. माझं घर राहतं का, तेवढं सांग."

अख्ख्या शहराचा नकाशा मीच केला होता, पण आपल्या गल्लीत डोकवायची हिंमत झाली नव्हती. आता इलाज नव्हता. काठावर नकाशाची स्वतःचीच मीटरमधली मापं छाप, अशी एक ओळ कोडात घातली. खाली आकडा उमटला: सात लाख चौऱ्याऐंशी हजार.

अक्काने त्यावर बोट ठेवलं. नाल्यापासून सात लाख मीटर, म्हणजे सुटलो की, असं म्हणत ती खाली गेली आणि मैसूरपाकाची ताटली घेऊन आली. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मेला तो आकडा! तो मोजलेला असतो दूर अरबी समुद्रातल्या एका कल्पित रेषेपासून. नाल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. गप्प बसावंसं फार वाटलं. पण उद्या यंत्र दारात आलं तर म्हातारी भांडीकुंडी कधी हलवणार? मी तिला खरं काय ते सांगितलं, शून्य नाल्याच्या काठावर आणून ठेवलं आणि नकाशा पुन्हा काढला.

मागची भिंत नऊवर. देवघर सोळावर. पुढचं दार अठ्ठावीसवर. एकतीसवर फक्त फाटक.

अक्काने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे फाटक राहणार," ती म्हणाली.

मला रडूच फुटलं. तिने मैसूरपाकाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि ताटली झाकली.

"अंशातच बरं होतं गं, शलाका."