शिशाचा दोष

ऑगस्ट सरल्यापासून डेलबर्ट किमेलच्या गोळ्या निशाणावर बसेनाशा झाल्या होत्या, आणि दोष शिशाचा आहे हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. गावातल्या गॅरेजवाल्याकडून आणलेली, मोटारीच्या चाकांना लावायची शिशाची वजनं वितळवून तो वर्षानुवर्षं आपल्या पिस्तुलासाठी गोळ्या ओतत आला होता. आता त्याने त्यात कथील वाढवलं. मग साच्यातून निघालेल्या गरम गोळ्या पाण्यात टाकून कडक केल्या. मग त्यांना चोपडायचं मेण बदललं, आणि शेवटी साचाच नवा मागवला. गोळ्या आपल्या जातील तिकडेच जात होत्या.

गुरुवारी नेमबाजीच्या क्लबच्या तळघरात सामना असे. तिथे वेंडेल रस्क, त्याचा जुना जोडीदार, निशाणाचा कागद खाली उतरवून म्हणाला, "म्हाताऱ्या, चाळणी केलीस रे. लोर्नाला दे, शेवया तरी गाळेल."

"शिसं मऊ निघालंय," डेलबर्ट म्हणाला.

"मागच्या वेळी कडक होतं म्हणालास. हे घे, माझी दुकानची काडतुसं मारून बघ. दोष पिस्तुलाचा की शिशाचा, लगेच कळेल."

"ठेव तुझ्याजवळ. मी विकतचं मारत नाही."

लोर्ना बाकावर बसून हे ऐकत होती. गोळ्या ओतायचं काम नवऱ्याचं आणि त्या पितळी पुंगळ्यांत बसवून काडतुसं भरायचं काम तिचं, ही वाटणी लग्नापासूनची.

पुढच्या आठवड्यात भरताना एक काडतूस वाकडं बसलं. टाकून कशाला द्यायचं म्हणून तिने ते ठोकून गोळी परत बाहेर काढली. गोळी बोटांना वेगळी लागली. तिने जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेतला. न भरलेली गोळी हवी तेवढी जाड होती. काडतुसातून निघालेली मात्र केसभर बारीक झाली होती. आणखी दोन काडतुसं फोडली, तेच.

मग तिला आठवलं. उन्हाळ्यात काडतुसं पिस्तुलात अडकतात म्हणून डेलबर्टने भरायच्या यंत्रावर पुंगळीचं तोंड आवळणाऱ्या दाबाचा स्क्रू चांगला कसून ठेवला होता. अडकणं थांबलं, पण तो दाब आतल्या मऊ शिशालाही आवळत होता. बारीक झालेली गोळी नळीतल्या खाचांना धरत नव्हती, सैल जोड्यातल्या पायासारखी जात होती. नळीत शिशाचा थर का साचतो, तेही आता कळलं.

म्हणजे दोष खरोखरच होता. स्क्रू जरा सैल केला की झालं. लोर्नाने पाना उचलला आणि परत खाली ठेवला.

कारण बशीत ठेवताना डेलबर्टच्या हातातला कॉफीचा कप कसा वाजतो, हे ती बरेच दिवस ऐकत होती. त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी उजवा हात, मग सगळंच. वेंडेलची काडतुसं तो का घेत नाही, हेही तिला आता उमगलं. शिसं वाईट होतं तोवर हात चांगला होता.

दोन दिवस तिने पाना तसाच राहू दिला. जेवणाआधी देवाचे आभार मानताना नजर ताटावरच ठेवली. तिसऱ्या दिवशी मात्र तिला ते जड झालं. तिने स्क्रू सैल केला, पन्नासेक काडतुसं भरली आणि डेलबर्टला सगळं सांगितलं. बारीक झालेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती उजेडात धरून फिरवली. "मीच आवळला होता," एवढंच म्हणाला.

शनिवारी दोघं क्लबच्या उघड्या मैदानावर गेली. बर्फ कडेला सरकवलेलं होतं. डेलबर्टने आधी वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून गोळ्या झाडल्या. काडतुसं कुठे अडकली नाहीत. कागदावरची सगळी भोकं बरणीच्या झाकणाखाली झाकली जातील इतकी जवळ होती.

"चल, झालं काम," लोर्ना म्हणाली. "गारठा फार आहे."

"थांब गं."

तो उभा राहिला, डावा हात खिशात घातला आणि सामन्यात मारतात तसं एका हाताने पिस्तूल उचललं. तिने कागदाकडे न बघता पिस्तुलाचं टोक बघितलं. ते स्थिर होत नव्हतं.

कागद आणायला तोच गेला. परत येऊन त्याने पिशवीवरून मारलेला आणि एका हाताने मारलेला, असे दोन्ही कागद बाकावर शेजारीशेजारी ठेवले; दुसऱ्यावरची भोकं विखुरलेली होती.

"शिसं बरं आहे," तो म्हणाला. मग कागद गुंडाळत, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून. टर्की कापताना दिसलं."

"मला ऑगस्टपासून." त्याने पिस्तूल रिकामं करून पेटीत ठेवलं. "सोमवारी डॉक्टरला फोन कर. तूच लाव. माझ्या हातून नंबर चुकीचा दाबला जातो."